रेघेखालचं पाणी

"मिस्त्री, हे पाणी रेघेखाली गेलंय."

इराप्पा मिस्त्रीनं चपला दाराबाहेर काढल्या, न्हाणीघराच्या तोंडाशी उकिडवं बसून आत डोकावलं आणि कानामागची पेन्सिल उगाचच हातात घेतली. आदल्या संध्याकाळी त्यानंच त्या पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारली होती. पाणी जायची वाट बुचानं बंद करून घोटाभर पाणी भरलं होतं आणि बजावलं होतं, "दोन दिवस कुणी हात लावू नका. पाणी रेघेवर राहिलं तर काम पक्कं. मगच वर फरशी." आणि आता पाणी रेघेच्या चांगलं बोटभर खाली होतं.

"पहिल्यांदा पितंय ओ वहिनी," तो म्हणाला. "नवा कोबा हाय. तहान असती त्याला."

"कोब्याला तहान आहे, की तुम्ही केमिकल कमी मारलंय?"

"वहिनी, डबे तुमच्या डोळ्यांदेखत फोडले की!"

ते खरं होतं. पण डोळ्यांदेखत फोडलेल्या डब्यातही पाणी घालता येतंच. मी जात्याच संशयी. नारळ घेताना दोन्ही कानांशी हलवून बघते, रिक्षावाल्यानं "इकडून जवळ पडतं" म्हटलं की तिकडून चला म्हणते. सुकुमार, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "शैला, तू पोलिसात जायला हवी होतीस." मी म्हणायचे, मी नसते तर तुम्हाला आजवर कोणीही विकून खाल्लं असतं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते पाणी आणि ती रेघ आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आम्ही तेव्हा नुकतेच नागपूरहून मिरजेला आलो होतो. सासरे, धनपालअण्णा, उन्हाळ्यात माझ्या नणंदेकडे, पद्माताईंकडे, जयसिंगपूरला एका बारशाला गेले आणि तिथेच त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली, पण उजवी बाजू गेली. दवाखान्यातून पद्माताईंनी त्यांना आपल्याच घरी नेलं. मिरजेच्या फ्लॅटमध्ये सासूबाई एकट्या राहिल्या. सुकुमारनी धडपड करून बदली मागून घेतली आणि आम्ही आईंजवळ राहायला आलो.

अण्णांना घरी आणण्यात एकच अडचण होती, ती न्हाणीघराची. आत जायला हातभर उंच पायरी, त्यात वीतभर कट्टा, खाली घसरगुंडी झालेली जुनी फरशी. चाकाची खुर्ची आत जाणं शक्यच नव्हतं. सुकुमारनी ठरवून टाकलं, सगळं फोडायचं, पायरी काढायची, भिंतीला धरायला दांडे बसवायचे आणि दिवाळीच्या आत अण्णांना घरी आणायचं.

"लेकीच्या दारात बाप किती दिवस ठेवायचा?" ते म्हणायचे. "परवा देवळात एकानं तोंडावर विचारलं, वडील हल्ली जावयाकडे असतात का? मान खाली घालावी लागली मला."

आमच्यात मुलीच्या घरचं पाणी पिणंसुद्धा जुनी माणसं टाळायची. सुकुमार तसे शिकले-सवरलेले, पण हे एक त्यांना फार लागलं होतं. रोज संध्याकाळी ते अण्णांना फोन करून काम कुठवर आलं ते सांगायचे. "झालंच अण्णा, दिवाळीला तुम्ही इथंच," असं म्हणताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा व्हायचा. ते ऐकून मला वाटायचं, हे काम चुकून चालणार नाही.

चुका कशा होतात ते मला पाठ होतं. नागपूरला माझ्या भावानं घाईघाईत पाणी न तपासता फरशी बसवली आणि वर्षाच्या आत खालच्या घरात ठिबक सुरू झाली. सगळी फरशी उखडावी लागली. शेजारच्या एकीनं फरशी अशी गुळगुळीत निवडली की पाहुणे पाय ठेवायला घाबरायचे. म्हणून नोकरीच्या वेळा सांभाळून मी इराप्पाच्या मागे उभी असायचे. उतार दाराकडे नको. गिझरचं बटण नळाजवळ नको. पाइप भिंतीत बुजवण्याआधी दाब देऊन बघा.

"वहिनी," तो एकदा वैतागून म्हणाला, "थापी तुमीच घ्या हातात. मी आपला चहा करतो."

चहा करायला आई होत्याच. आई, म्हणजे माझ्या सासूबाई. इराप्पाला दिवसातून तीनदा आलं घातलेला चहा आणि वर "दमलास काय रं" अशी विचारपूस. त्यांनी कामात कधी तोंड घातलं नाही. फक्त पाणी भरायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "घरात तळं कशाला गं? साचल्या पाण्यात जीव होतात." आम्ही जैन, त्यातून आई जुन्या वळणाच्या. घरात पाणी शुद्ध करायचं मशीन असूनही प्यायचं पाणी त्या फडक्यानं गाळून घ्यायच्या. मी म्हटलं, "आई, दोनच दिवस. मग ओतून टाकू."

खरं सांगायचं तर आईंचंही मला थोडं नवल वाटत होतं. नवरा परगावी अंथरुणावर, आणि ही बाई मात्र अंगानं भरत चाललेली. संध्याकाळी देवळात जायच्या आणि दिवेलागण होता होता परत यायच्या. कधी खालच्या मजल्यावरच्या हेर्लेकर बाईंकडे जाऊन बसायच्या आणि तिथून दोघींचं हसणं जिन्यात ऐकू यायचं. मी सुकुमारना म्हटलंसुद्धा, "आई दुःख बाहेर दाखवत नाहीत हो." ते म्हणाले, "आतून खचली असेल बिचारी. अण्णा आले की बघ कशी सावरेल."

तर पाणी बोटभर उतरलं. इराप्पानं पुन्हा रेघेपर्यंत भरलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी आधी न्हाणीघराकडे गेले. पाणी दोन बोटं खाली.

मी तशीच खाली हेर्लेकर बाईंकडे गेले. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. आमच्या जुन्या न्हाणीघराच्या ओलीनं त्यांचं छत पूर्वी एकदा खराब झालं होतं, तेव्हापासून आमच्याकडे बादली सांडली तरी त्यांना खाली कळायचं.

"छान कोरडं आहे," त्या म्हणाल्या. "मी स्टुलावर चढून हात लावून बघितलं."

"नक्की? थेंबभरसुद्धा नाही?"

"शैलाताई, मी खोटं कशाला बोलू?"

तेच तर मला कळत नव्हतं. थेंबासाठी भांडणारी बाई आज एवढी गोड का बोलतेय? जिना चढताना माझं डोकं चालू झालं. छत गळत असणार आणि बाई मुद्दाम गप्प असणार. आमचं सगळं काम उरकलं, फरशी बसली, की मग तोंड उघडायचं आणि आमच्याकडून घरभर नवीन रंग काढून घ्यायचा. मी परत खाली गेले आणि "जरा बघू" म्हणून स्वतः स्टुलावर चढले. छत खडखडीत कोरडं. हेर्लेकर बाई खालून माझ्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर अगदी वर्गातल्या खोडकर मुलीकडे बघावं तसा भाव.

मग राहिला इराप्पा. तो रोजावर होता. जेवढे दिवस जास्त तेवढं त्याचं बरं. मी सुकुमारना हे सांगितलं आणि ते पहिल्यांदाच माझ्या संशयाला "हो" म्हणाले. दिवाळी जवळ येत होती आणि त्यांचा धीर सुटत चालला होता.

"मिस्त्री, सगळं पुन्हा करा," त्यांनी सांगितलं. "केमिकलचा हात पहिल्यापासून."

इराप्पा कुरकुरला, पण त्यानं केलं. कोपरे पुन्हा घासले, पाइपांच्या भोवती पुन्हा भरलं, बूच बदललं. वाळायला दिवस दिले, पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. आणि पुन्हा पाणी खाली.

आता इराप्पाचाही चेहरा उतरला. तो उंबऱ्याशी बसून राहिला, बोटानं भिंत चाचपत. "काय कळंना ओ," तो हळूच म्हणाला. "खाली जात न्हाई, भिंतीत जात न्हाई. मग जातंय कुठं? एवढ्या न्हाण्या केल्या, असं कधी झालं न्हाई."

"जात नाही तर कमी कसं होतं?" सुकुमार ओरडले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "ओरडू नको रं त्याच्यावर," म्हणाल्या. "होईल हळूहळू. घाई कशाला?"

"घाई कशाला? आई, अण्णा तिथं वाट बघतायत!"

आई परत आत गेल्या.

त्या संध्याकाळी पद्माताईंचा फोन आला. "दादा, इतकी धावपळ करू नकोस," त्या सांगत होत्या. "अण्णा इथं मजेत आहेत. राहू देत की." सुकुमारनी फोन ठेवला आणि मी लगेच म्हटलं, "पद्माताईंना का सोडायचे नाहीत अण्णा? फ्लॅट अण्णांच्या नावावर आहे, विसरू नका." माझं डोकं एकदा सुरू झालं की कुणालाच सोडत नसे.

खरा प्रकार मला कळला तो कुंड्यांवरून. न्हाणीघर फोडल्यापासून आम्ही मागच्या गॅलरीत पत्र्याच्या आडोशाला अंघोळी करत होतो. एका सकाळी डोक्यावर पाणी घेताना माझं लक्ष आईंच्या शेवंतीकडे गेलं. दिवाळीला फुलावी म्हणून त्या तिला जिवापाड जपायच्या. आता पानं खाली लोंबत होती, आणि मातीवर पांढरी पापडी धरली होती. मी नखानं खरवडून बघितली. सिमेंट. ताज्या सिमेंटवर साचलेलं पाणी ओतलं की धरते तशी पापडी, आणि तीही सगळ्या कुंड्यांवर.

मी ओल्या केसांनी तशीच उभी राहिले. कुंड्यांना पाणी घरात एकच माणूस घालायचं.

कुणाला काही बोलले नाही. इराप्पानं सकाळी पाणी रेघेपर्यंत भरलं आणि तो दुसऱ्या कामावर गेला. सुकुमार ऑफिसला गेले. मी रजा टाकली होती, पण पिशवी घेऊन आईंना म्हटलं, "लक्ष्मी मार्केटला जाऊन येते. वेळ लागेल." खाली उतरले, हेर्लेकर बाईंच्या दारापाशी जरा वेळ घोटाळत उभी राहिले, आणि परत वर येऊन हळूच किल्ली फिरवली.

आई न्हाणीघराच्या तोंडाशी पाटावर बसल्या होत्या. शेजारी बादली, हातात तांब्या. अगदी सावकाश, आवाज न करता त्या पाणी उपसून बादलीत घेत होत्या. मध्येच थांबल्या, कमरेची चष्म्याची डबी काढली, चष्मा लावून भिंतीवरची रेघ नीट बघितली आणि अजून दोन तांबे काढले.

"आई."

त्या दचकल्या नाहीत. "आलीस? एवढ्यात?"

"हे काय चाललंय?"

"जीव होतात गं साचल्या पाण्यात," त्या म्हणाल्या. "मला बघवत न्हाई."

मला एकदम हायसं वाटलं. एवढंच होय! उगाच त्या बिचाऱ्या मिस्त्रीला आम्ही पिळलं. मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्याजवळ बसले आणि समजूत घालायला तोंड उघडलं. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पाणी आज सकाळचं होतं, टाकीतलं स्वच्छ. आणि ज्या बाई पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत, त्या जिवांच्या काळजीनं पाणी उपसतात, तर बादलीवर फडकं कुठे होतं? रोज तसंच नेऊन कुंड्यांत ओतत आल्या होत्या.

"आई, जिवांसाठी नाही हे," मी म्हटलं. "तसं असतं तर तुम्ही गाळून घेतलं असतं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"लई बारीक बघतीस तू," त्या म्हणाल्या.

"मग का?"

"न्हाणी झाली की त्यांना आणणार."

"हो. त्यासाठीच तर सगळं चाललंय."

"मला ते घरात नकोत."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. आई मात्र शांत होत्या. रडत नव्हत्या, आवाजही चढला नव्हता. उद्या भाजी कुठली करायची ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं.

"ह्या न्हाणीला आतून कडी नव्हती, बघितलं होतंस?"

"हो. मोडली होती ना?"

"मोडली न्हाई. काढली. फ्लॅट घेतला त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः पान्यानं काढली. त्याच्या आधीच्या घरातली पण काढली होती. लगीन होऊन आले तेव्हापासनं मी कडी लावून न्हायले न्हाई."

"अण्णांनी? कशासाठी?"

"आत काय करतीस म्हणून. चिठ्ठ्या वाचतीस काय, कुणाशी बोलतीस काय. आतल्या आत काय बोलणार गं? दोन मिंटं झाली की दारात येऊन उभे. झालं काय? एवढा वेळ का? दार ढकलून बघायचे. मी बाजारातनं आले की पिशवी उपडी करून बघायचे. भाजीवाल्यानं जुडी जास्त दिली तर त्यानं का दिली? हेर्लेकर बाईंकडं जायचं न्हाई, ती एकटी राहते, तिच्याकडं कोण कोण येत असतील. मी देवळात गेले तर मागनं येऊन खांबाआड उभे राहायचे."

"आम्हाला कधी... कुणाला कधी कळलं नाही."

"पोरांसमोर न्हाई करायचे. तुमच्यासमोर कसं, अगं कुठं आहेस, अगं इकडं ये. सगळे हसायचे. म्हणायचे अण्णांना आईशिवाय करमत न्हाई."

मीही हसायचे. दिवाळीत सगळे जमलो की अण्णा दर पाच मिनिटांनी आईंना हाक मारायचे आणि मी नणंदेला कोपरानं ढोसून म्हणायचे, "बघा, नाहीतर तुमचे भाऊ!" मी जगभर संशय घेत फिरत होते, आणि ज्या माणसाचा घ्यायचा त्याचं कौतुक करत होते. त्या क्षणी मला अण्णांचा इतका राग आला की त्यांचं आजारपणही मला आठवेना.

"पण आई, आता ते अंथरुणावर आहेत," मी म्हटलं. "आता काय करणार?"

"वाचा आहे न्हवं. हाक आहे." त्यांनी पदर सावरला. "पद्मीकडं ते गप असतात, ठाऊक आहे? जावयाचं घर. जावयापुढं आवाज काढत न्हाईत. पद्मी सांगते, अण्णा किती शांत झालेत. होऊ दे की. तिथं ते शांत आहेत, पद्मीला बापाची हौस फिटतीय, आणि मी..." त्या थांबल्या. "मी चार महिने झाले, कुणी न विचारता खाली जाऊन येतीय."

मी म्हटलं, "आणि इराप्पा? त्याच्या कामाला नाव ठेवलं जातंय, आई."

"तेवढंच टोचतंय," त्या म्हणाल्या. "त्याचा चेहरा बघवत न्हाई. म्हणून तर चहा करून घालते."

सुकुमारना सांगायचं की नाही, ते मी रात्र होईपर्यंत ठरवू शकले नाही. सांगितलं तर आईंचं सगळं उघडं पडणार, आणि वडिलांना देव मानणारा मुलगा त्यावर विश्वास ठेवील याची मला खात्री नव्हती. नाही सांगितलं तर दिवाळीला अण्णा येणारच, आज ना उद्या ही परीक्षा पार पडणारच. मी गप्प राहिले.

रविवारी सकाळी सुकुमारनी स्वतःच पाणी बघितलं. दोन बोटं खाली. त्यांनी इराप्पाला बोलावून घेतलं. आरडाओरड ऐकून हेर्लेकर बाईही वर आल्या.

"उद्यापासून येऊ नका," सुकुमार म्हणाले. "आणि या इमारतीत तुम्हाला कुणी काम देणार नाही, ते मी बघतो."

"साहेब, पाणी खाली गेलं असतं तर बाईंच्या छताला दिसलं असतं."

"माझं छत कोरडं आहे," हेर्लेकर बाई म्हणाल्या.

"मग पाणी काय उडून गेलं?"

मी बोलायला पुढे झाले. आता गप्प राहणं शक्य नव्हतं. तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी मला हातानं बाजूला केलं. आई होत्या. एका हातात पाट, दुसऱ्या हातात बादली आणि तांब्या. त्यांनी सगळ्यांसमोर पाट मांडला, निऱ्या खोचून बसल्या आणि पाणी उपसायला लागल्या. एक तांब्या, दुसरा तांब्या. चोरून उपसायच्या तेव्हा आवाज यायचा नाही, आता पाणी धबाधब बादलीत पडत होतं.

"आई, काय करतेस?"

"पाणी काढतीय. रोज काढते. मिस्त्रीचं काम चांगलं आहे, त्याला काय बोलू नको."

सुकुमार कधी आईंकडे, कधी माझ्याकडे बघत होते. "अगं पण का? अण्णा..."

"त्यांच्यासाठीच. ते यायला नकोत म्हणून."

इराप्पानं चपला पायात घातल्या आणि तो जिन्यात जाऊन थांबला. त्याला नको होतं ते ऐकायला. हेर्लेकर बाई मात्र हलल्या नाहीत. त्या आईंच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आईंच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं की ह्यांना हे सगळं कधीपासून ठाऊक होतं.

"आई, ते तुझ्यासाठी जीव टाकतात," सुकुमार म्हणाले. "रोज फोनवर पहिली चौकशी तुझी करतात. आई कुठं आहे, किती वाजता गेली, कोण होतं बरोबर..."

ते बोलता बोलता थांबले.

आईंचा हातही थांबला. "आणि तू सांगतोस?"

सुकुमारनी होकारार्थी मान हलवली.

"काय काय सांगतोस रं?"

"सगळं," ते म्हणाले. "देवळात गेली. बाईंकडे गेली. किती वेळ गेली. मला वाटलं... मला वाटलं त्यांना करमत नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं तर ते भिंतीवरच्या रेघेकडे बघत होते. आईंनी त्यांना कडीची गोष्ट सांगितली नाही, पिशवीची सांगितली नाही. सांगायची गरजच उरली नाही. त्यांनी रोज संध्याकाळी फोनवर उत्तरं दिलेले सगळे प्रश्न आता त्यांना उलटे ऐकू येत होते.

ते गॅलरीत गेले. बऱ्याच वेळानं त्यांनी पद्माताईंना फोन लावला. दार उघडं होतं.

"पद्मे, अण्णा तुझ्याकडेच राहिले तर..." एवढंच त्यांना बोलता आलं. पलीकडून पद्माताई काहीतरी भराभर बोलत होत्या. "हो. हो गं. माझंच चुकलं," सुकुमार म्हणाले. "लोकांचं मी बघतो. आणि अण्णांनी आईचं काही विचारलं तर सांग, ती बरी आहे. तेवढंच सांग."

फोन ठेवून ते जिन्यात गेले आणि इराप्पाला आत घेऊन आले. "मिस्त्री," ते म्हणाले, "माफ करा. पाणी भरा परत."

या वेळी पाणी तसूभरही हललं नाही. इराप्पानं रेघेवर बोट ठेवून मला बोलावून दाखवलं, आणि मी त्याला म्हटलं, "आता कोब्याची तहान भागली वाटतं." तो हसला, पण आईंकडे बघितल्याशिवाय नाही.

दांडे आम्ही बसवलेच, आईंच्याच वयाला लागतील म्हणून. फरशी खरखरीत निवडली. उतार बरोबर जाळीकडे आला. आणि दाराची वेळ आली तेव्हा इराप्पानं विचारलं, "वहिनी, कडी कसली बसवू?" मी उत्तर द्यायच्या आत आई म्हणाल्या, "मी आणते." त्या हेर्लेकर बाईंना घेऊन बाजारात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पितळेची कडी होती, वाड्याच्या दिंडी दरवाजाला शोभेल एवढी जाड.

"आई, न्हाणीला एवढी?" सुकुमारनी विचारलं.

"एवढीच," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी न्हाणीघर पुरं झालं. पहिल्या दिवशी आईंनी कुणाला जाऊ दिलं नाही. टॉवेल, साडी, शिकेकाई घेऊन त्या आत गेल्या आणि कडी सरकल्याचा आवाज सगळ्या घरात ऐकू आला. मी स्वयंपाकाला लागले. भात झाला, आमटी झाली, सुकुमार जेवून उठले. आत पाण्याचा आवाजही येईना. माझ्या जिवाचं पाणी झालं. नवीन फरशी, वय झालेलं, आतून कडी. मी जाऊन दार वाजवलं.

"आई! काय झालं? ठीक आहात ना?"

"बसलीय."

"बसलीय म्हणजे? अंघोळ झाली?"

"कधीच."

"मग?"

आतून त्यांचा आवाज आला, अगदी निवांत.

"बाहेर कुणी खोळंबलंय काय?"

मी मागे वळून बघितलं. सुकुमार हात पुसत उभे होते. त्यांनी मान हलवली.

"नाही, आई. कुणी नाही."

"मग जा की तू," त्या म्हणाल्या.